पंखवाल्या सरड्याची पाठ

ता. ६ मे

चि. पोरीस आत्याचे आशीर्वाद.

काल फोनवर सांगितलं तेवढंच आहे, लपवलेलं काही नाही. टिकलीच्या उजव्या हाताची चार बोटं भाजली. फोड आलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं नीट वाकतील, घाबरू नका. तुझा पाय प्लास्टरमध्ये म्हणून लेक माझ्याकडे पाठवलीस, आणि आठवडा नाही झाला तर मी हे करून ठेवलं. फोनवर मी चिडले की तू फोन ठेवतेस. पत्र तसं ठेवता येत नाही, म्हणून लिहिते.

बेकरीला सुट्टी होती. भट्टीतला विस्तव आदल्या दिवशीच ओढून काढलेला. मी माळा झाडत होते. किंकाळी आली असती तर बरं, पण नुसता स्टूल पडल्याचा आवाज आला. खाली येते तर पोर भट्टीच्या तोंडाशी, हात छातीशी धरलेला, तोंड उघडं आणि आवाज नाही. आत विटांवर अर्धा पाव. नळाखाली हात धरला तेव्हा कुठे ती रडली.

आत हात कशाला घातलास विचारलं. तर म्हणे ड्रॅगन झोपला होता, त्याला पाव द्यायचा होता आणि पाठ खाजवायची होती. आईच्या पुस्तकातली मुलगी खाजवते.

मग पुस्तक काढलं. तू दिल्यापासून ते तराजूच्या डुगडुगत्या पायाखाली होतं. चौथीपुढे मी शिकले नाही, तरी एका बैठकीत वाचलं. ही तर माझीच बेकरी! पायरीचा फुटका कोपरा माझा, कान तुटलेला चहाचा मग माझा. भट्टीत तेवढा तुझा तो पंखवाला सरडा. अख्ख्या पुस्तकात कोणाचं काही बिघडत नाही. मोठ्यात मोठं संकट काय, तर मांजराला नाव सुचत नाही. पाव एकदाही करपत नाही. तेही चालवून घेतलं असतं. पण जाळ असला की तो जागा, भट्टी काळी झाली की तो झोपला, आणि तेव्हा खुशाल जवळ जावं, हे तू लिहिलंस? तू? जाळ दिसला की माणूस आपणच लांब राहतो. फसवते ती काळी भट्टी. विस्तव काढून दिवस गेला तरी विटा बोट लावू देत नाहीत. तू रांगत होतीस तेव्हापासून हे ऐकत आलीस. मग तुझा हात धजला कसा? उत्तर दे.

लोभ आहे, पण सध्या तापलेला आहे. लांबूनच घे.

आत्या


ता. १० मे

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. पुस्तकातलं ते पान समोर घेऊन बसले, तर अक्षरं दिसेनात.

खरं सांगते, आधी मी लिहिलं होतं तेव्हा ती मुलगी भाजत होती. काळ्या भट्टीनेच. छापणाऱ्या बाई म्हणाल्या, ही पुस्तकं माणसं दमून घरी आल्यावर वाचतात. दिवसभर चटके खाल्लेले असतात, त्यात तुमचा कशाला? मला पटलं. आत्ता पाय मोडून पडलेय तर मीही असलीच पुस्तकं वाचतेय. काही न होणं ही केवढी चैन असते, ते अंथरुणाला खिळल्याशिवाय कळत नाही. एका म्हाताऱ्या शिंप्याने कळवलं होतं की बायको गेल्यापासून तो रोज दोन पानं वाचतो आणि मग जेवतो. तेवढ्यावर मी खूश होते. चटका काढला आणि भट्टी तशीच ठेवली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्याच लेकीचा हात, आत्या.

दुसरा भाग छापायला जाणार होता. उद्याच थांबवा म्हणून कळवते. हे लिहिणं बंद. टिकलीला सांग, आई चुकली, ड्रॅगन वगैरे काही नसतं. मला फोनवर बोलता येत नाही.

तुझी भाची


ता. १७ मे

चि. पोरीस आशीर्वाद.

बंदबिंद काही करू नकोस. कळवलं असशील तर परत कळव. आधी हे वाच.

तू म्हणालीस तसं मी सांगून टाकलं. ड्रॅगन नसतो, तापलेल्या विटा असतात. एक घाव दोन तुकडे. पोरीने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच त्याला मारलं. त्या दिवसापासून धड जेवेना. बेकरीत पाऊल टाकेना, मागच्या दाराने ये-जा. फोड सुकत होते आणि पोर मिटत होती. शेवटी मी विचारलं, बाई गं, तुला झालंय तरी काय? तर म्हणाली, "ड्रॅगन नव्हता, तर मला भाजलं कुणी?"

विटांशी कट्टी घेता येत नाही, आणि गट्टी तर नाहीच नाही.

मग मी, जिने जन्मात कोणाला गोष्ट सांगितली नाही, भट्टीपुढे स्टूल ओढला आणि ठोकून दिलं. म्हटलं, आहे तो, मीच खोटं बोलले. पण आपलं अंग किती तापतं ते त्याला कळत नाही, झोपेत तर मुळीच नाही. त्याने मुद्दाम केलं नाही. तेव्हापासून कोपऱ्यात तोंड घालून बसलाय. म्हणून त्याच्याशी बोलायचं ते मैद्याच्या पेटीच्या अलीकडून, जाळ असो नसो. मान वर करते तर दारात पत्र्याचं काम करणारा, पाव न्यायला आलेला. मेल्याने सगळं ऐकलं. वर विचारतो, आत्या, पुढे काय झालं?

टिकली आली. पेटीला धरून उभी राहिली, पट्टीचा हात उचलून भट्टीला दाखवला आणि म्हणाली, आता कमी दुखतं. मग माझ्याकडे पाव मागितला. मी या वयात अशी हादरेन असं वाटलं नव्हतं.

तेव्हा दुसऱ्या भागात ती मुलगी भाजू दे. चांगली रडू दे. एखादा पाव करपू दे. आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तिथेच येऊ दे, पेटीच्या अलीकडे. शिंपीबुवा जेवतील, काळजी नको. तेवढं लिहिलंस की मांजराच्या नावापायी खुशाल दहा पानं घाल.

पहिलं पुस्तक टिकलीने उशाशी घेतलंय, त्यामुळे तराजू पुन्हा डुगडुगतो. दुसरं लवकर पाठव. आधी वाचेन, मग पायाखाली घालेन.

लोभ आता निवलाय. हात लावलास तरी चालेल.

आत्या