उजवीकडून अकरावी पट्टी

अब्बा,

परवा संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी एकटी मनात म्हणत होते, या बाई आता परत स्टेजवर येऊ नयेत. हे कुणाला सांगू? घरात आपण दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठीची, त्यामुळं मनातलं लिहायला बसलं की हात मराठीतच चालतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, 'जरा बडे अक्षर निकाल, बेटा.' तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता अक्षर कसंही आलं तरी चालेल.

दुकान अजून गुलमंडीच्या मागच्या गल्लीतच आहे. दुरुस्तीला बाजाच्या पेट्या येतात, पण पूर्वीइतक्या नाहीत. पियानो या शहरात मोजकेच, आणि ते सुरात लावायला मला बोलावतात, कारण छावणीतल्या चर्चचा पियानो तुम्ही माझ्यासमोर उघडलात आणि त्यातली एकेक खुंटी मला पिळायला लावलीत. परवा मुंबईहून ऐंशीच्या घरातल्या एक बाई वाजवायला आल्या होत्या. त्यांचं नाव ऐकून नांदेड-जालन्याहून लोक आले. हॉलमधला पियानो वर्षभर झाकून पडलेला. संयोजक आठवडाभर आधीच माझ्याकडं बघत म्हणाले होते, 'मॅडम, जमंल ना? नसंल तर पुण्याहून माणूस बोलवू, त्यात काय एवढं.' त्यात काय एवढं, हे मला लागलं. मी म्हणाले, जमेल.

सगळं जमलं, एक खुंटी सोडून. उजवीकडून अकरावी पट्टी. तिथं एका सुराला तीन तारा असतात, त्यातल्या मधल्या तारेची खुंटी आपल्याकडच्या उन्हाळ्यानं वाळलेल्या लाकडात सैल झाली होती. तार ओढली की तासाभरात उतरायची. मी पॉलिश पेपरची पट्टी कापून भोकात घातली आणि खुंटी ठोकून बसवली. चार दिवस मिळाले असते तर ती नीट बदलली असती. तशी ती धरून होती, पण जोरात वाजवलं तर किती वेळ धरेल, हे मलाही माहीत नव्हतं.

अशा वेळी काय करायचं, ते आपल्या दुकानात ठरलेलं होतं. कच्च्या सुराच्या पट्टीवर तुम्ही लाल पेन्सिलीची बारीक टिकली लावायचात आणि पेटी देताना गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवायचात. लोकांना ती टिकली ठाऊक होती, तिच्यामुळं कुणी पेटी परत आणली नाही. मी ते एकदाच चुकवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, दुकान जवळजवळ मीच बघत होते. देवगाव रंगारीच्या भजनी मंडळाच्या पेटीतल्या एका सुराची पितळी पाती तडकली होती. मी ती घासून परत बसवली, टिकली लावली नाही, कारण ते म्हातारे बुवा 'पोरगी काय पेटी बनवणार' म्हणून हसले होते. तुम्हाला संध्याकाळी कळलं. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मला खिडकीशी बसवलंत, आणि देवगावात देवळाच्या पायरीवर बुवांसमोर उभं करून म्हणालात, 'बुवा, पोरीनं सूर कच्चा ठेवलाय अन् सांगितलं नाय. लई मोठी चूक झाली.' बुवा म्हणाले, 'असू द्या हो मास्तर, भजनात कोण बघतंय.' परतीच्या वाटेवर तुम्ही एवढंच बोललात, 'सुर कच्चा रहा तो रहा. बोली क्यों नहीं?' मला तुमचा इतका राग आला होता की एसटी शहरात शिरेपर्यंत मी तुमच्याकडं बघितलं नाही.

परवा दुपारी बाईंनी सराव केला. मी कोपऱ्यात बसून फक्त त्या पट्टीकडं बघत होते. संध्याकाळचं सगळं वाजवून झालं, पण त्यांचा हात तिथवर एकदाही गेला नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला. उठताना त्यांनी सगळ्या पट्ट्या ओळीनं वाजवल्या. अकराव्या पट्टीवर थांबल्या, परत वाजवली. 'ही ठीक आहे ना?' संयोजक शेजारीच उभे होते. लाल पेन्सिल माझ्या पर्समध्ये होती. मी म्हणाले, 'हो, ठीक आहे.'

कार्यक्रम सरळ पार पडला. शेवटी लोक उठले आणि बसेचनात. 'वन्स मोअर' सुरू झालं. मला वाटलं, दमल्या असतील, नमस्कार करून जातील. पण त्या हळूहळू परत आल्या, स्टूल जरा पुढं ओढलं आणि दुपारी न वाजवलेलं काहीतरी वाजवू लागल्या. साधी चाल होती, झोपेतल्या लेकराला थोपटावं इतकी हळू. ती पायरी पायरीनं वर चढते आणि एका उंच सुरावर येऊन थांबते. तो सूर कुठला, हे मला तो येण्याआधीच कळलं. पहिल्यांदा चाल तिथं पोचली, सूर टिकला. दुसऱ्यांदा पोचली आणि तार उतरली. किंचितच उतरली, अब्बा. हॉलमध्ये ते आम्हा दोघींनाच ऐकू आलं. बाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचा खांदा क्षणभर थांबला.

तिसऱ्यांदा चाल वर चढली. त्यांचा हात अकराव्या पट्टीवर गेला आणि तिथंच, वीतभर वर, राहिला. पट्टी दाबलीच नाही. मग त्यांनी हात मांडीवर घेतला. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग टाळ्या पडल्या त्या थांबायला तयार नव्हत्या. माझ्या शेजारचे गृहस्थ रुमालानं डोळे पुसत मला म्हणाले, 'शेवटचा सूर वाजवलाच नाही बघा त्यांनी. आपल्यावर सोडला. काय बाई आहे.' मी मान हलवली.

मी स्टेजमागच्या खोलीत गेले तेव्हा त्या खुर्चीत बसून पाणी पीत होत्या. भोवतीचे लोक तेच बोलत होते, न वाजवलेल्या सुराबद्दल. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

'मी दुपारी विचारलं होतं तुला.'

'हो.'

'सांगितलं असतंस तर मी दुसरं काहीतरी वाजवलं असतं. हे मी त्या शेवटच्या सुरासाठीच वाजवते गं. आता या वयात किती वेळा वाजवणार?'

त्यांनी ग्लास खाली ठेवला. 'बाकीचा पियानो फार सुंदर लावलास. कुणाकडं शिकलीस?'

मी म्हणाले, 'कुणाकडं नाही. माझी मीच.'

रिक्षात बसल्यावर मी स्वतःला समजावत होते की तुमचं नाव असल्या कामाला चिकटू नये म्हणून तसं म्हणाले. काल हॉलवर जाऊन खुंटी बदलली, तेव्हाही तेच घोकत होते. पण तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार, आणि ही चिठ्ठी जायची तरी कुठं आहे. तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी पुढं विचारलं असतं, कच्चा सूर सांगायचा असतो, हे त्यांनी शिकवलं नाही का तुला? आणि मला सांगावं लागलं असतं, की शिकवलं होतं.