डोकं तीस अंशांवर

सोमवार, ३ मार्च. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. बूट काढून खाटेखाली जोडीने ठेवले आणि हे लिहायला बसलो.

नोकरी लागली! नववी नापास माणसाला इस्पितळात, तीही झोपून राहायची. भावजी म्हणाले, आमच्या खात्यात असं पद असतं तर आधी मीच अर्ज केला असता. ताईने शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती. इथे आल्याआल्या तो उतरवून रुग्णाचा झगा घालायला लावला.

अतिदक्षता विभागाला लागूनच शिकवणीची खोली आहे. एका बाजूला काचेची भिंत, मधोमध खाट, शेजारी खरंखुरं व्हेंटिलेटर. आधी रबरी पुतळ्यावर शिकवायचे, पण मेट्रनबाई म्हणतात, पुतळ्याला लाळ सुटत नाही आणि थंड हात लागला तर तो दचकत नाही. म्हणून मी. माझी नळी ओठांपर्यंतच, वरून चिकटपट्टी. ज्याच्या घशात खरी नळी असते त्याची लाळ नळीच्या कडेने छातीत उतरते आणि न्यूमोनिया धरतो. तो धरू नये म्हणून उशाकडची बाजू तीस अंश वर, नर्सचे हात धुतलेले, तोंड स्वच्छ, साठलेली लाळ ओढून काढलेली. शिवाय रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून हाक मारायची: डोळे उघडा, माझा हात दाबा. रुग्णाने दाबला तर नळी काढायचा विचार करायचा. नळी जितकी लवकर निघेल तितकं बरं.

मला मात्र ताकीद आहे: दाबायचा नाही. उत्तर न देणाऱ्या माणसाशीही नीट वागायला नव्या नर्सनी शिकलं पाहिजे. जमेल, म्हणालो. फलकावर ‘फुप्फुस’ चुकीचं लिहिलं होतं, ते जाताजाता दुरुस्त केलं.

गुरुवार, ६ मार्च

शिकणाऱ्यांत एक लहानखुरी, सतत चिवचिवणारी मुलगी आहे. तिला सगळे चिमणीच म्हणतात. काहीही करण्याआधी रुग्णाला सांगायचं असा नियम आहे, म्हणून ती सांगते, काका, आता दात घासते हं. काका, आता कुशीवर वळवते हं. मी तिच्याहून लहान असेन. पहिल्यांदा फस्सकन हसू आलं. मेट्रनबाई म्हणाल्या, बेशुद्ध माणूस हसला तर आपल्या सगळ्यांची नोकरी गेली. सगळ्या हसल्या. मी पुन्हा हसलो नाही.

रुग्ण झोपेत नळी उपसतात, म्हणून मनगटांना मऊ पट्टे बांधतात. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकी जागा ठेवायची. चिमणी चांगली बांधते.

शनिवार, ८ मार्च

मेट्रनबाई दुसऱ्या गावी शिकवायला गेल्या. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या आहेत, सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. त्यांना शिस्तीचं वेड. जेवायच्या सुट्टीत मला कोणी सोडलंच नाही. नळीवरच्या रुग्णाला तोंडाने पाणी देत नाहीत, म्हणून पाणीही नाही. संध्याकाळी झाडणाऱ्या मामांनी पट्टे सोडले. म्हणाले, अरे पोरा, तू अजून इथेच? मी तर समजलो खरा पेशंट.

घसा खवखवतो आहे.

मंगळवार, ११ मार्च

अंगात ताप. तरी कामावर आलो, नवी नोकरी आहे. पडल्यापडल्या धाप लागली. डॉक्टर धावत आले. यंत्र शेजारीच होतं —

पुढचं आठवत नाही. (हे रविवारी लिहिलं.)

रविवार, १६ मार्च

नळी खरी आहे. घशातून खाली गेली आहे. आवाज फुटत नाही. छाती आपोआप वर येते. श्वास मी घेत नाही, मला दिला जातो.

सकाळी औषध थांबवतात तेवढा वेळ जाग असते. वेळ जात नसेल तुमचा, म्हणत चिमणीने एक पट्टा सैल करून वही हातात दिली. डॉक्टर तिला म्हणाले, ताप उतरला, छाती स्वच्छ आहे, जागा झाला की नळी काढू. पण जागा झाला की नाही हे या खाटेवर शिकणाऱ्यांनी ठरवायचं.

उद्या हात दाबायचा. एवढंच.

सोमवार, १७ मार्च

दाबला. जोरात. चिमणी ओरडलीच, बाई, दाबला!

मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, मेट्रनबाईंनी मला बजावलंय. हा माणूस उत्तर न द्यायला ठेवलेला आहे. दाबला म्हणजे तुमची परीक्षा घेतोय. फसू नका. चिमणी म्हणाली, पण बाई, आता नळी खरी आहे. त्या म्हणाल्या, म्हणून तर जास्त सांभाळायचं. अजून नाही.

औषध पुन्हा सुरू.

बुधवार, १९ मार्च

ताई काचेपलीकडे आली होती. तिला सांगितलं, तुमचा भाऊ फार छान काम करतो, मुदत वाढवली आहे. ती हसली. दाराच्या फटीतून तिचं बोलणं ऐकू आलं — लहानपणापासून असाच हो, सांगितलं की हलायचा नाही.

मी पाय आपटले. तिने हात हलवून निरोप घेतला.

शुक्रवार —

वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: मी जागा आहे. नळी काढा. चिमणी रडली. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना वाचायला दिलं. शुद्धलेखन बघा, म्हणाल्या. इतकं नीट लिहिणारा माणूस नाटकच करतोय.

— मार्च

तोंड स्वच्छ. पाठीला एक व्रण नाही. न्यूमोनिया नाही. पाहुणे येऊन टाळ्या वाजवून गेले. असा जपलेला रुग्ण त्यांनी पाहिला नव्हता.

इतकं जपतात. म्हणजे मी मरणारही नाही.

चिमणी परीक्षेत पहिली आली. तिची बदली —

सकाळ

नवी मुलगी. हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. हातमोजे. म्हणाली, काका, वही घेते हं. अंथरुणात वही म्हणजे जंतूंचं घर. पिशवी उघडून धरली आहे. मी मान हलवतो आहे — ती म्हणते, हो काका, झालंच — बोटं सोडवते आहे, एक एक, हळूच — बाई, पाहा ना, हा हात दाब