चार फुटी लाकूड, सोळा इंची करवत

वस्तू कोणाच्या नावावर जावी हे कागदावर लिहिता येते. पण ती त्या माणसाच्या हाताला बसेल की नाही, हे आधी कसे ओळखावे? मला याचे उत्तर येत नाही. तरीही हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, राही गंगाराम भुवड, वय सव्वीस, शिक्षण बी.ए., धंदा जळाऊ लाकडाची वखार, राहणार वेळणेश्वर, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके ताळ्यावर आहे (याबद्दल घरात दुमत आहे) आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. फक्त सुचवलेले आहे. सुचवणारे माझे सख्खे काका, श्री. महिपत भुवड. यांत्रिक करवत आणायचे ठरले तेव्हा ते वखारीच्या दारात गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "बाय, आधी मृत्युपत्र लिही, मग ती मशीन हातात घे!" गिऱ्हाइके हसली. मला मात्र सल्ला पटला. आमच्या घरात आजवर कोणी मृत्युपत्र लिहिलेले नाही. पण आमच्या घरात आजवर कोणी पदवीही घेतलेली नव्हती.

कलम पहिले. वखारीची हकिगत. ही वखार माझे वडील कै. गंगाराम यांनी उभी केली. आजारपणात त्यांनी ती माझ्या नावे केली. "कागद तुलाच कळतात," एवढेच कारण त्यांनी दिले. परंतु त्या वखारीतले सगळे लाकूड दोन मुठींच्या करवतीने कापलेले आहे. एका मुठीला वडील असत, दुसऱ्या मुठीला माझी आई, सौ. (आता श्रीमती) सगुणा. लग्न झाल्यापासून ती दुसरी मूठ तिने सोडली नाही. कागदावर मात्र तिचे नाव कुठेच आले नाही. वडील गेल्यावर करवतीला एकच मूठ उरली आणि काका "मदतीला" म्हणून गल्ल्याशेजारच्या बाकावर येऊन बसले. ते अजून तिथेच आहेत.

कलम दुसरे. यांत्रिक करवत. ही मला आईसाठी ठेवायची आहे. माझ्यामागे ती बिघडली आणि नवी घ्यावी लागली, तर ती कशी निवडावी हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. आमच्या घरात या बाबतीत एकदा मोठा घोटाळा होता होता राहिला आहे.

आम्ही तिघे चिपळूणला दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "लाकूड केवढे असते?"

"चार फुटी," काका म्हणाले. "तुमच्याकडची सगळ्यात लांब द्या."

दुकानदाराने छत्तीस इंची पट्टीची करवत काढली. काकांनी ती न्याहाळली आणि नाक मुरडले. "अजून फूटभर कमी पडतोय. पण चालवून घेऊ."

"चार फूट जाड झाडे वेळणेश्वरात कुठे आहेत हो?" दुकानदार.

"जाड कोण बोलला? मी चार फुटी बोललो."

वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे. आमच्या धंद्यात लाकूड दोरीने मोजतात. दोरी ओंडक्याभोवती गुंडाळायची, भरेल तो घेर. चार फुटी म्हणजे चार फूट घेराचे. गावात सगळे असेच बोलतात आणि कोणाचे कधी काही अडत नाही. अडले ते त्या दिवशी.

मी म्हटले, "काका, करवत झाडाला गुंडाळायची नाही. आरपार न्यायची आहे."

"शिकलीस म्हणून आता आमाला शिकवतेस?"

"हो," आई म्हणाली. आई दुकानात तेवढेच बोलली.

तर रीत अशी. घेराला तीनने भागावे, येईल त्याहून जाडी किंचित कमीच असते. चार फुटी लाकूड म्हणजे जेमतेम पंधरा इंच जाड. आमच्याकडे बहुतेक येते ते काजूचे, सुरूचे आणि आंब्याच्या कलमांच्या छाटणीचे, अडीच-तीन फुटी. त्याची जाडी बारा इंचांच्या आतच. पट्टी नेहमीच्या लाकडापेक्षा दोन-तीन इंच लांब असली की पुरे. म्हणून सोळा इंची घ्यावी. क्वचित एखादे दांडगे खोड आले तर दोन्ही अंगांनी कापावे. वर्षातून एकदा येणाऱ्या खोडासाठी रोज छत्तीस इंच उचलू नये.

आणि उचलणे हाच खरा मुद्दा आहे. दुकानदाराने मोठी करवत पेट्रोल भरून समोर ठेवली. काकांनी उचलली. मीही उचलली, पण लगेच खाली ठेवली. आईने दोन्ही हात लावले, ती हलेना.

"ती कशाला उचलतेय?" काका म्हणाले. "मी हाय ना!"

या तीन शब्दांवर मी घरी येईपर्यंत विचार केला. काका वाईट नाहीत. वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या रात्रीच्या खेपा त्यांनीच घातल्या. पण ज्याच्या हातात करवत त्याची वखार, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. आईला उचलणार नाही अशी करवत घरात आली असती, तर आई तिच्याच वखारीत पाहुणी झाली असती. म्हणून करवतीचे माप झाडावरून अर्धेच ठरवावे. उरलेले अर्धे घरातल्या सर्वांत बारक्या मनगटावरून. सोळा इंची करवत आईने त्याच दुकानात एका झटक्यात उचलली आणि म्हणाली, "आमच्या म्हशीच्या पारडापेक्षा हलकी हाय गो." तीच घेतली.

कलम तिसरे. माझी कॉलेजातली जीनपँट आईला. साडीचा पदर आणि फिरती साखळी यांची गाठ पडू नये, एवढाच हेतू. आई म्हणते, "मेल्यावर दिलीस तर घालीन, जित्तेपणी नको." तिने ती दार लावून एकदा घालून पाहिली आहे. मला फटीतून दिसले. बसते.

कलम चौथे. पुस्तके गावच्या शाळेला, उमा विद्वांस बाईंमार्फत. देवरूखला आत्याकडे राहून शिकत असताना जमवलेली आहेत. समासात मी जागोजागी "क्रांती?" असे लिहिले आहे. कृपया खोडू नये.

कलम पाचवे. हेदवीच्या ज्या स्थळाने मला पाहायला येऊन विचारले, "लग्नानंतर मुलगी मशीन सोडेल ना?" आणि मी "मुलगा पेट्रोल आणून देईल ना?" असे विचारल्यावर जे चहा अर्धा टाकून उठले, त्यांना या मृत्युपत्राने माझ्याकडून माफी देण्यात येत आहे. उरलेला चहा काका प्याले.

कलम सहावे. माझ्यामागेही वखारीने उभे, हिरवे झाड कधी घेऊ नये. पडलेले, वाळलेले आणि बागेच्या छाटणीचे घ्यावे. धंदा यानेही चालतो. मी चालवून दाखवला आहे.

कलम सातवे. मला जाळताना लाकूड आपल्याच वखारीचे, पुरते वाळलेले वापरावे. घाईत ओले घालू नये. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येईल आणि मला उगाच वाटेल की सगळेच रडताहेत.

कलम आठवे. महिपत काकांना काहीही ठेवलेले नाही. हा राग नव्हे. विद्वांस बाईंनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार म्हणून काकाच हवे होते. कच्चा मसुदा वाचून त्यांनी विचारले, "यात माझा काय?"

"तुमची सही," मी म्हटले.

त्यांनी मसुदा पुन्हा पहिल्यापासून चाळला. मग म्हणाले, "पेन दे. पण छत्तीस इंचीच बरी होती."

कलम नववे. या जागी मूळ मसुद्यात असे लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर वखार माझ्या आईस मिळावी. पक्का मसुदा उतरवताना लक्षात आले की आई माझ्याहून तेवीस वर्षांनी मोठी आहे. सगळे नीट पार पडले तर मी तिच्यामागे जगणार, म्हणजे तिला वखार कधीच मिळणार नाही. मिळावी यासाठी मला लवकर मरावे लागेल, आणि तसा माझा विचार नाही. सबब हे कलम रद्द केले आहे. गेल्या गुरुवारी आईला घेऊन गुहागरला गेले आणि दुय्यम निबंधकांसमोर बक्षीसपत्र नोंदवून वखार, करवतीसह, तिच्या नावे करून दिली. वखार आता श्रीमती सगुणा गंगाराम भुवड यांची आहे. मी तिथे कामाला आहे.

ठिकाण : वेळणेश्वर
दिनांक : २१ नोव्हेंबर २००४

सही : राही गंगाराम भुवड

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली :
१. महिपत भागोजी भुवड
२. उमा विद्वांस, शिक्षिका