बदलीची आत्या

७ फेब्रुवारी १९६०

काल लालबागला प्रयोग. आत्याचं काम मी तिसऱ्यांदा केलं. हशे सगळे आले, जिथल्या तिथे. मांडीवर थाप, ओचा खोचून गिरकी, मग भाच्यावर ओरडून, "जा, जा! जाताना हंडा भरून जा!" हा सर्वांत मोठा. भाचा लग्नावरून घर सोडून निघालेला असतो.

नाटक बसवणारे दत्ताराम मास्तर विंगेतून म्हणाले, "डिट्टो बाबल. डोळे मिटले तर बाबलच."

भूमिका मुळात बाबलमामांची. आमच्या नाट्यमंडळात आत्या, सासू, मावशी सगळं तेच करत आले. नायिकेला आता बाई आणतात, पण विनोदी म्हातारी बाप्यानेच करायची असा गिरणगावातला रिवाज. मामांच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांच्या बदली मी. यापुढे त्यांना बा. मा. लिहीन.

बोर्डावर नाव अजून बा. मा. यांचंच. "तुमची काही हरकत नाही ना?" असं मास्तरांनी विचारलं. नाही म्हटलं. आहे.

९ फेब्रुवारी

कचेरीत दिवसभर एका इस्पितळाच्या जिन्याचं ट्रेसिंग, मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरून शाईने गिरवणं. रुलिंग पेन आज चांगलं चाललं, एकही रेघ खरवडावी लागली नाही. आर्किटेक्ट शहासाहेबांनी कापड उजेडात धरून पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

याच कचेरीतल्या ड्राफ्ट्समनने मला मंडळात नेलं होतं. पहिल्या नाटकात मोलकरीण, दोन वाक्यं. दुसऱ्यात शेजारीण, एक पान. दोन्हींना हशा होता. नायिकेचं विचारलं तेव्हा मीच नको म्हटलं. कारण कोणाला सांगितलं नाही. नायिका रडते तेव्हा लोक खोकतात. मी तोंड उघडलं की खोकणं थांबतं.

आई: "हिरॉईन असतीस तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. आता काय सांगू, माझी मुलगी टकली म्हातारी होते?"

टकली नाही, अंबाडा आहे, हे सांगितलं. अण्णा पेपराआड हसले बहुतेक. पेपर हलला.

१५ फेब्रुवारी

काल परळच्या प्रयोगाला बा. मा. आले. कुबडी घेऊन, पहिल्या रांगेत. त्यांना पाहून पब्लिकने टाळ्या वाजवल्या, पडदा उघडायच्या आधीच.

मी एकही जागा सोडली नाही. थाप, गिरकी, सगळं. हॉल हसत होता. बा. मा. हसत नव्हते. मला रंगमंचावरून दिसत होतं, न बघून चालत नव्हतं.

नंतर आत आले, ट्रंकेवर बसले. मी नमस्कार केला.

"बरा झाला," म्हणाले. मग कुबडी भिंतीला टेकवून, "चेडवा, तुका ह्या कोणी शिकयल्यान?"

"तुमचंच बघून केलं, मामा."

"ताच म्हणतंय. मी बाप्यो. बाई कशी चलता ता माका ठाऊक नाय, म्हणान मी गिरकी मारतंय. तू बाई असून बाप्याची नक्कल कित्याक करतंस?"

ते चहा पिऊन गेले.

बसमध्ये राग आला. घरी येईपर्यंत गेला. ट्रेसिंगच होतं ते. कापडाखाली बा. मा., वर मी. रेघ न् रेघ बरोबर, आणि नकाशा दुसऱ्याचा.

१८ फेब्रुवारी

समोरच्या गॅलरीतल्या कृष्णाकाकूंना तीन दिवस बघते आहे. आमच्या फणसवाडीत त्यांच्या तोंडी लागायची कोणाची छाती नाही. पण त्या ओरडत नाहीत. वर बघतसुद्धा नाहीत. सुपात तांदूळ, बोटं चालू, आणि सून दारातून निघाली की हळूच एक वाक्य. सून जागच्या जागी उभी.

आज त्यांनी विचारलं, "काय गं, कधीची बघतेस? तांदूळ निवडायला हवेत का तुला?"

हो म्हटलं. दोन सुपं निवडून दिली. खडे बाजूला टाकताना अंगठा कसा वळतो ते आता हाताला कळलं.

२९ फेब्रुवारी

काल गिरगावात प्रयोग. मास्तरांना न सांगता बदल केला. हे चुकीचं, माहीत आहे. सांगितलं असतं तर करू दिला नसता.

थाप नाही, गिरकी नाही. पहिल्या अंकभर सूप घेऊन बसून. भाचा म्हणाला, "आत्या, मी हे घर सोडून चाललो." मी खडा काढला, टाकला. वर न बघता: "जा. जाताना तेवढा हंडा भरून जा."

काही नाही. हॉल शांत. भाच्याचं काम करणारा वामन पुढचं वाक्य विसरला, कारण तो हशा धरून थांबला होता. प्रॉम्प्टरने दोनदा सांगितलं.

मागे पाचसात जण हसले, पण उशिरा, आणि पुढच्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

मास्तर मेकअप उतरवू देईनात. "बाबलने दहा वर्षं घासून बसवलेले हशे. तू एका संध्याकाळी घालवलेस. बदली आहेस, बदलीसारखी वाग. साचा दुसऱ्याचा, त्याला हात नाही लावायचा." (साचा म्हणजे गिरणीतला माग.)

मी म्हटलं, "परळचा प्रयोग एकदा असाच करू द्या. तिथे नाही झालं तर परत गिरकी."

वामन म्हणाला, "मास्तर, तिला करू द्या. मी विसरलो तो माझा दोष." हे अपेक्षित नव्हतं. वामन नेहमी आधी स्वतःच्या टाळ्यांचं बघतो.

मास्तर: "एकदाच."

८ मार्च

शहासाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "मुंबई तुम्हाला मिळाली. आता आम्ही गुजराती परके का?" हसत होते, पण पूर्ण नाही. मी म्हटलं, "जिना तुमच्याच नकाशाप्रमाणे होणार, सर." त्यांनी मान हलवली. नंतर वाटलं, याहून थोडं जास्त बोलता आलं असतं.

वामनबरोबर तालमी चालू. मी त्याला सांगितलं, हशासाठी थांबू नकोस, दाराकडे चालत राहा. तो म्हणतो, "आणि हशा आलाच तर?" तर थांब. "कळणार कसं?" कळेल. हे मी कोणत्या आधारावर म्हटलं, माहीत नाही.

१४ मार्च

परळ. काल.

हळू लिहिते, नाहीतर नीट राहणार नाही.

भाचा निघाला. मी खडा काढला. "जा." आवाज खाली. "जाताना तेवढा हंडा भरून जा."

आधी बायका हसल्या.

उजवीकडे बायकांची बसायची जागा. तिथून सुरू झालं, एकीचं, मग तिच्या शेजारणीचं, मग सगळ्या. पुरुषांच्या बाजूला क्षणभर काही नाही, ते बायकांकडे बघत होते. मग ते. मग वामन दारातून परत आला, मुकाट हंडा उचलला (हे नाटकात नाही, त्याच्या मनाचं), आणि हॉल शांत होईना.

मी वर बघितलं नाही. तांदूळ निवडत राहिले.

बा. मा. यांच्या प्रयोगांना आधी पुरुष हसायचे. मी विंगेतून पुष्कळ वेळा पाहिलं आहे. बायका त्यांच्यामागून, पदर तोंडाला लावून. काल पदर कोणाच्या तोंडाला नव्हता.

निघताना एक बाई आडवी आली. गिरणीतली असावी, केसांत कापसाचे तंतू. म्हणाली, "माझी सासू कुठं बघितलीस गं तू?" आणि निघून गेली.

हे मी केलं. कोणाचं बघून नाही. (कृष्णाकाकूंचं बघून. पण ते वेगळं.)

१५ मार्च

आईला सांगितलं. ती कोबीचं भानोलं करत होती. म्हणाली, "म्हणजे आपली कृष्णाकाकू?" मी हो म्हटलं. आईचा झारा हातात राहिला. मग ती जी हसायला लागली. डोळे पुसून म्हणाली, "तिला कळलं तर वाडीत राहू देणार नाही ती आपल्याला."

पुन्हा करून दाखवायला लावलं. दाखवलं.

४ एप्रिल

बा. मा. तालमीला आले. कुबडी नाही. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, ती घेतली नाही.

एक मेला महाराष्ट्र राज्य होणार. मंडळाचा मोठा प्रयोग लालबागच्या मैदानात, मोकळा, तिकीट नाही. अख्खा गिरणगाव येईल. बोर्ड रंगवायला टाकायचे आहेत. आत्याच्या पुढे कोणाचं नाव, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी धरूनच चाललंय. कायमचा माणूस आला की बदलीने साचा सोडायचा. गिरणीत यावर भांडण होत नाही, म्हणून इथेही होत नाही.

सूप पिशवीत घालून घरी आले.

रीत वाईट नाही. आजारी माणसाची जागा राखणारी रीत आहे. ती नसती तर बा. मा. कामावर परत कसे लागले असते? हे सगळं कळतं. तरी.

११ एप्रिल

काल मंडळाची बैठक, लालबागच्या चाळीतल्या खोलीत. मैदानाची परवानगी, कनाती, दिवे. शेवटी मास्तर म्हणाले, "पात्रं पूर्वीप्रमाणे. बाबल आत्या. बाईंनी आत्तापर्यंत सांभाळलं, मंडळ आभारी आहे." टाळ्या.

मी उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं.

"मला ही भूमिका हवी आहे."

मग कोपऱ्यातून एकजण, "अहो बाई, बदली होतात तुम्ही."

"हो. आता बदली म्हणून मागत नाही. चांगली करते म्हणून मागते."

हे शब्द माझेच होते. आवाज बरा लागला, फार मोठा नाही.

सगळे बा. मा. यांच्याकडे बघायला लागले. ते विडी विझवत होते.

"मागलंस ता बरा केलंस," म्हणाले. "मनात ठेवन बसली असतंस तर माका राग इलो असतो. पण मी सोडूचंय नाय हां. दहा वर्सां म्हातारी झालंय मी. मुंबय आपली झाली त्या दिवशी घरात बसू?"

कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत, मीही नाही.

मास्तर: "दोघांची तालीम बघतो. मग ठरवतो."

बोर्डावर आत्यापुढची जागा कोरी ठेवायला सांगितली रंगाऱ्याला.

२५ एप्रिल

काल तालीम. आधी बा. मा.

लिहिलं पाहिजे, खरं ते. फार सुंदर केलं. गिरकी मारली, पायाचं दुखणं घेऊन, आणि वळताना तोल जातोय असं दाखवून सावरले. जातोय की दाखवताहेत, कळेना. मी हसले. मोठ्याने. मला तालमीत हसताना कोणी पाहिलं नव्हतं, वामनने वळून बघितलं.

मग मी. सूप, खडा, हंडा. बा. मा. बाकावर पुढे सरकून बघत होते. हंड्याच्या वाक्याला ते हसले. परळला हसले नव्हते ते.

मास्तर डोकं धरून बसले. "दोन्ही बरोबर आहे. ह्याला काय करू?"

वामन म्हणाला, "दोन आत्या ठेवा." मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेर गेला.

"एक तारखेला दोघांनीही रंगून यायचं. पब्लिक बघतो, मग सांगतो. ज्याला मिळणार नाही त्याने वाईट वाटून घ्यायचं नाही."

बा. मा. म्हणाले, "वाईट वाटतला. पण घेवचा."

जिना उतरताना त्यांना हात द्यावा असं वाटलं. दिला असता तर घेतला नसता. मी एक पायरी मागे राहून उतरले.

१ मे

पेन्सिलने. मैदानात, कनातीमागे, ट्रंकेवर बसून.

लुगडं घरूनच नेसून निघाले. अंबाडा, सुरकुत्या, सगळं घरी. असं कधी केलं नव्हतं. अण्णांनी दार उघडून धरलं. वाडीत दिवे, पताका, मुलं. कोणी ओळखलं नाही. ट्रामचा कंडक्टर म्हणाला, "आजीबाई, आत सरका, आज मुंबईसकट सगळं आपलंच आहे." सरकले. एका तरुणाने उठून जागा दिली. बसले.

बा. मा. माझ्या आधी आलेत. समोरच्या ट्रंकेवर, त्याच रंगाच्या लुगड्यात. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "कपाळावरची रेघ जाड झाली." आपल्या बोटाने पुसून बारीक केली. मी त्यांचा पदर मागून पिनने लावून दिला, सुटत होता.

आई-अण्णा आलेत. कनातीच्या फटीतून दिसतात. बायकांची बाजू भरली, माणसं गिरणीच्या भिंतीवरसुद्धा चढून बसलीत. इतके लोक एकदम हसले तर कसं वाटेल, हे मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचंय. बा. मा. यांनाही हवंय. ते मान खाली घालून वाक्यं म्हणताहेत. मी म्हणत नाही. मला येतात.

नाही मिळालं तर घरी जाणार नाही. पहिल्या रांगेत, याच लुगड्यात बसणार.

दुसरी घंटा झाली. मास्तर पब्लिक बघून येताहेत. आम्ही दोघं उभे राहिलो.