‘वेट लॉन्ड्री’साठी एकाकी लढा

३ जून, मंगळवार. सकाळी ६.४०
‘टिन चॅपल’ परत एकत्र! सतरा वर्षांनी! रेडिओवर ऐकलं आणि हातातला टोस्ट खाली पडला. गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून गायक आणि गिटारवाला सतरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आता म्हणे मनं मोठी झाली. पाच कार्यक्रम. शेवटचा मँचेस्टरला, १२ जुलै. म्हणजे आमच्या ॲक्रिंग्टनपासून हाकेच्या अंतरावर. बायकोला विचारलं, येतेस का. बसायला खुर्ची असेल तर येईन, म्हणाली. जॅनिसचा उत्साह हा असा.

संकल्प: या वेळी ग्रुपवर भांडायचं नाही. रक्तदाब बघून डॉक्टरांनी तोंड वाकडं केलंय. शिवाय ‘जुने जाणते चॅपलवाले’ या ग्रुपचा मी संस्थापक आणि ॲडमिन. दोन हजार तीनशे सभासद. संस्थापकाने शांत राहायचं असतं.

संध्या. ५.१५
डेस्मंड हॅलिवेलने ग्रुपवर अक्कल पाजळली. लोक गायला येतात, परीक्षेला बसायला नाही, तेव्हा ‘सॅटर्डे बेल्स’ आणि बाकीची गाजलेली गाणी वाजवा, विषय संपला, म्हणे. भांडलो नाही. फक्त अकरा उत्तरं लिहिली.

५ जून
‘सॅटर्डे बेल्स’! लग्नात वाजतं, फुटबॉलच्या मैदानात वाजतं, परवा दाताच्या डॉक्टरकडे वाजत होतं. जे तोंडात ड्रिल असताना ऐकू येतं त्याला मी गाणं म्हणत नाही. या बँडचा आत्मा एकाच गाण्यात आहे, ‘वेट लॉन्ड्री’, म्हणजे ओलं धुणं. १९९६ची कॅसेट, मागची बाजू, शेवटचं गाणं. कार्यक्रमात आजवर एकदाही वाजवलेलं नाही. त्यावरूनच त्याची उंची कळते.

ग्रुपवर जाहीर करून टाकलं. या दौऱ्यात ‘वेट लॉन्ड्री’ वाजलं नाही तर मी ॲडमिनपद सोडतो. वाजलं तर डेस्मंडने ग्रुप सोडायचा. त्याने लगेच ‘मंजूर’ लिहिलं. जॅनिस म्हणाली, अरे क्लाइव्ह, ते पद गेलं तर तू दिवसभर करणार काय? मी हसलो. पण एकोणीस वर्षं सांभाळलंय मी ते. टाइल्सच्या दुकानात माझं मत कुणी विचारत नाही. इथे विचारतात.

१४ जून, शनिवार
ग्लासगो. बावीस गाणी. ‘वेट लॉन्ड्री’ नाही. हरकत नाही, पहिलाच कार्यक्रम. गाण्यासाठी मी मागणीपत्र काढलंय, त्यावर एकतीस सह्या झाल्या. त्यातल्या चार माझ्या, दोन जॅनिसच्या. तिला सांगायचं राहिलंय.

खरी संतापाची गोष्ट म्हणजे नवीन अल्बममधली चार गाणी वाजवली. पियानोवर. संथ. आणि ग्लासगोवाल्यांनी ती निमूट ऐकून घेतली! तेव्हा ग्रुपसाठी नियम क्रमांक ७ काढला: नवीन गाणं सुरू झालं की खऱ्या चाहत्याने स्टेजकडे पाठ फिरवायची आणि बिअर आणायला चालू लागायचं. मँचेस्टरला खूण मी देणार, लाल टोपी वर करून. नवीन अल्बम मी ऐकलेला नाही. भिकार आहे.

२३ जून
कार्डिफलाही नाही. पण बँडच्या ऑफिसला ईमेल केली होती, तिला एका मिनिटात उत्तर! संदेश मिळाला, कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडं असतं, म्हणे. म्हणजे विषय त्यांच्या टेबलावर पोचला. डेस्मंड म्हणतो असं उत्तर सगळ्यांना आपोआप जातं. पोटात दुखतंय त्याच्या.

२९ जून, रविवार. अंग कणकणतंय
काल लीड्सला एकटा गेलो. डबल बेडची चादर घेऊन. तिच्यावर काळ्या रंगात ‘वेट लॉन्ड्री वाजवा’. पावसाने झोडपलं. चादर भिजून पन्नास किलोची झाली, तरी शेवटपर्यंत धरली. मागच्या बाईने सांगितलं, तुझं धुणं खाली घे, मला स्टेज दिसत नाही. कलेची कदर नाही लोकांना. पण गिटारवाल्याने पाहिलं! माईकवर म्हणाला, कुणीतरी त्या काकांना सांगा, लीड्समध्ये ते वाळणार नाही. सगळं मैदान हसलं. मला मात्र त्यातला संदेश कळला.

चादर पाहुण्यांसाठी ठेवलेली होती, असं जॅनिसकडून आज कळलं.

६ जुलै
लंडन. नाही. आता एकच कार्यक्रम उरला.
ग्रुपवर मतदान घेतलं. ‘वेट लॉन्ड्री’च्या बाजूने नऊ. डेस्मंडच्या बाजूने सहाशे बारा. मतदान रद्द केलं, तांत्रिक कारणाने.
राजीनाम्याचे तीन मसुदे लिहिले. तिसरा वाचताना डोळे भरून आले. फार वाईट वाटतंय. जॅनिस म्हणाली, आता पुरे की, एक गाणं ते काय. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, मग मला म्हणून दाखव की ते. मी म्हटलं, असं कुठेही म्हणून दाखवायचं गाणं नाही ते.

१३ जुलै, रविवार. सकाळी ८.००
हरलो. नोंद करून ठेवतो.
पाठ फिरवायला चाळीस जण कबूल झाले होते. पहिल्या नवीन गाण्याला टोपी वर केली. तिघे वळले. त्यातला एक टॉयलेटला निघाला होता. मी डगमगलो नाही. पंधराव्या गाण्याला दिवे मंद झाले, गिटारवाला पियानोवर जाऊन बसला आणि रडकं काहीतरी सुरू केलं. चार सेकंदांत ओळखलं, नवीन! उठलो, टोपी उंच धरली, पाठ फिरवा असं ओरडलो. चोहोबाजूंनी श्श, श्श. एकटाच पायऱ्या चढून वर गेलो. बिअरपाशी रांगच नाही. बिअरवाला दारात उभा राहून ऐकत होता, मलाच म्हणतो, जरा गप बसा हो. त्याला पाच मिनिटं झाडलं. ज्या लोकांनी एके काळी ‘वेट लॉन्ड्री’ केलं त्यांनी हे असलं करावं, याचं दुःख काय असतं ते समजावून सांगितलं.

परत आलो तर जॅनिस डोळे पुसत होती. म्हणाली, तुला आवडलं असतं रे हे. तिला गाण्यातलं काही कळत नाही. मग ‘सॅटर्डे बेल्स’. साठ हजार लोक उभे. मी बसलो. मान ताठ.

राजीनामा ८.१० ला टाकतोय. तिसरा मसुदा.

सकाळी ९.३०
डेस्मंडचा निरोप आला. अभिनंदन क्लाइव्ह, तू जिंकलास, शब्दाप्रमाणे ग्रुप सोडतोय. पियानोवर ‘वेट लॉन्ड्री’ असं काही होईल असं वाटलं नव्हतं, मलाही भरून आलं. पण मग तू राजीनामा का दिलास?

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

सकाळी ९.५०
जॅनिसला विचारलं. हो, ती म्हणाली, गाणं संपल्यावर गायक बोलला ना, की हे लीड्सला चादर घेऊन आलेल्या त्या काकांसाठी, असाल तर उभे राहा. मग तू काय केलंस, विचारलं. काय करणार, म्हणाली, शेजारच्यांना सांगितलं की तो बिअर आणायला गेलाय. हे तू मला कालच का नाही सांगितलंस? सांगत होते, म्हणाली, पण गाडीत तू घरापर्यंत त्या गाण्याला शिव्या देत होतास.

सकाळी १०.३०
व्हिडिओ आहे. मोठ्या पडद्यावर लाल टोपी. खाली माझी पाठ.

२० जुलै, रविवार
ग्रुपने डेस्मंडला हातापाया पडून परत बोलावलं आणि एकमताने ॲडमिन केलं. मला ‘संस्थापक (पाठमोरे)’ असं पद दिलंय. ग्रुपच्या पानावर माझा फोटोही लावलाय, मागून काढलेला. मान आहे एक प्रकारचा. मी लिहिलं की गाणं मी ओळखलं होतं, पण इतरांना निवांत ऐकता यावं म्हणून बाजूला झालो. चारशे लोक हसले. डेस्मंड हसला नाही, त्याने एकदा भेटू म्हणून लिहिलं. ते जास्त लागलं.

दुपारी वरच्या खोलीत जाऊन ‘वेट लॉन्ड्री’ लावलं, मूळचं. शेवटचं कधी ऐकलं होतं आठवेना. शब्दही आठवेनात. बरं आहे. मध्ये जरा लांबतं. पावणेदोन मिनिटांनी बंद केलं आणि ‘सॅटर्डे बेल्स’ लावलं. मग परत एकदा लावलं.

खालून जॅनिसने हाक मारली. म्हणाली, खिडकी तरी लाव रे, तू गातोयस ते शेजारी ऐकू जातंय.