पप्पांचा उपास

आई, भस्म बुधवारी उपासकाळ लागला, तेव्हापासून हे लिहायचं टाळतोय. रोज ठरवतो, आज बसायचं, आणि चपला अडकवून कुठंतरी निघून जातो. परवा असाच निघालो आणि मलकापूरच्या एसटीत जाऊन बसलो. काम काही नव्हतं, गाडी लागलेली दिसली म्हणून बसलो. स्टँडवर भजी खाल्ली, एका ट्रकवाल्याशी घाटातल्या रस्त्यांवर उगाच गप्पा हाणल्या, त्यानं क्लीनर म्हणून येतोस का विचारलं, जवळजवळ गेलोच होतो. तू म्हणायचीस की, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय आन् डोक्यात वारं." तसंच आहे अजून. पण आज कुठं जाता येत नाही. आज शुक्रवार, संध्याकाळी उपासकाळाची प्रार्थना आपल्या घरी आहे, आणि पप्पा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेत. मला भीती वाटतीय आई. ईस्टरपर्यंत ते टिकतील असं मला वाटत नाही.

नीट सांगतो. तुझ्या माघारी अक्कानं गडमुडशिंगीतल्या एका शेतकरी घरात लग्न केलं. पोरगा चांगला आहे, दूध घालतो डेअरीला, कमी बोलतो. पण आपल्या मंडळीतला नाही, आणि लग्न चर्चमध्ये झालं नाही. पप्पांनी त्या दिवसापासून तिच्याशी अबोला धरला. अक्का दोनदा भेटायला आली, दोन्ही वेळा दारातूनच परत लावली. आणि यंदा उपासकाळ लागला तसं पप्पांनी जाहीर केलं, पोरगी चर्चमध्ये परत येईपर्यंत दिवसा तोंडात काही घालणार नाही. साखरेचा आजार आहे त्यांना, तू गेल्यावर निघाला तो. दिवसभर पाणी, रात्री चार घास भात. गोळ्याही बंद केल्यात. म्हणतात, "गोळी जेवणानंतर घ्यायची असती. जेवणच न्हाय तर गोळी कशाला?" कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य गेलेला माणूस, हिशेब पक्का.

गेल्या रविवारी चर्चमध्ये गीताला उभे राहिले आणि बाकावरच कोसळले. पाळकसाहेब स्वतः रिक्षातून घरी घेऊन आले. उशाशी बसून समजावत होते, आजाऱ्याला उपास लागू नसतो, देव हे मागत नाही. पप्पा म्हणाले, "साहेब, प्रभू चाळीस दिवस ऱ्हायला का न्हाय रानात?" मी मागून बोललो, "त्याला साखर नव्हती." साहेबांना हसू आलं. पप्पांना आलं नाही. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चाललाय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग काय जाईल ते सांगायला नको. मी मान हलवली, बाहेर आलो आणि रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारल्या. दुसरं काय करणार? मला कुणाला धरून ठेवता येत नाही, मी स्वतःच कुठं थांबत नाही.

तुझा उपासकाळ आठवतो मला. शुक्रवारी गल्लीभर मटणाच्या फोडणीचा वास आणि आपल्या चुलीवर आमटी. मी दहा-अकरा वर्षांचा, ताटासमोर तोंड वाकडं करून बसलोय, तू भाकरी थापतीयस, हात पिठानं पांढरे. मी म्हणतो, "आपणच का म्हणून?" तू मागं न बघता म्हणतीस, "तोंड बांधायला काय लागतंय? गुरं पण बांधत्यात. उघडून दाव की." मला कळलं नव्हतं. तुझा एक नियम होता, तो बाकीच्या घरांतून नव्हता. प्रार्थना आपल्या घरी यायची असेल त्या दिवशी, माणसं जमायच्या आत, घरातल्या प्रत्येकानं ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडं जाऊन बोलून यायचं. मला शेजारच्या पोराकडं पाठवलंस, त्यानं माझी भिंगरी फोडलेली. आणि पप्पांना तर तू हाताला धरून उद्यमनगरात कारखान्यावर नेलंस, मी मागनं पळत. शेजारच्या लेथवरच्या मिस्त्रीशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, कशावरून ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. पप्पा मशीनपाशी उभे, लोखंडाचा कीस बुटाखाली करकरतोय, बोलायला तोंड उघडत नाही. तू कोपरानं ढोसलंस. पप्पा म्हणाले, "च्या पाज." मिस्त्री म्हणाला, "दूध न्हाय." पप्पा म्हणाले, "मग काळा पाज की मर्दा." झालं, मिटलं. येताना तू एवढी खूश होतीस की मला सुकी भेळ घेऊन दिलीस, उपासकाळ असून.

त्याच आठवणीच्या जोरावर काल मी गडमुडशिंगीला गेलो. अक्का गोठ्याबाहेर वैरण तोडत होती. मी म्हटलं, "चल घरी. उद्या प्रार्थना हाय आपल्यात. नुस्ती येऊन उभी ऱ्हा." ती विळा थांबवेना. म्हणाली, "उपास न्हवं ते. उपोषण हाय. कलेक्टर कचेरीफुडं बसत्यात तसलं. मागणी मान्य करा न्हायतर मरतो." मी म्हटलं, "मरतील ते खरंच." तेव्हा विळा खाली ठेवला तिनं. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मी गेले तर म्हणतील, बघा, देवानं ऐकलं, आता नवऱ्याला सोड. मग काय करू? तू सांग की. तू तर सगळीकडं फिरून आलायस." तिची सासू म्हशीची धार काढत सगळं ऐकत होती. तिनं मान वळवून विचारलं, "पावणं, वडील जेवत न्हाईत व्हय? किती दिस झालं?" मी सांगितलं. ती परत धार काढायला लागली. मी चहा न घेताच निघालो.

आज दुपारी मी पेज करून पप्पांसमोर बसलो. पाया पडलो अक्षरशः. "आई असती तर तुम्हाला गडमुडशिंगीला चालवत नेलं असतं," म्हटलं. पप्पांनी डोळे मिटले. "तिचं नाव घालू नको ह्यात," एवढंच म्हणाले, आणि चमचा हातानं बाजूला केला. पेज चादरीवर सांडली. ती पुसताना मला त्यांचा इतका राग आला आई, इतका, की वाटलं, ऱ्हाऊ दे, मरू दे, मी निघतो ट्रकवर. बाहेर येऊन पायरीवर बसलो. सतरंजी टाकलीय, खुर्च्या मागून आणल्यात, गीतांची पुस्तकं मांडलीत. अजून तासाभरात सगळे येतील, डोळे मिटतील, पप्पांसाठी प्रार्थना करतील, आणि पप्पांना वाटेल सगळी मंडळी त्यांच्या बाजूनं आहे.

हे पत्र टाकायची पेटी कुठं नाही, मला ठाऊक आहे. तरी एक सांगून टाकतो. हे सगळे दिवस चर्चमध्ये डोळे मिटून मी उभा राहिलो, पण देवाशी एकदाही बोललो नाही. आत तुझ्याशीच बोलत होतो. त्याला राग आला असेल तर तू बघ.

थांब. गल्लीच्या तोंडाला कुणीतरी आपलं घर विचारतंय. मंडळीतलं नाही, आपल्यातल्या सगळ्यांना घर माहीत आहे.

आई, अक्काची सासू आलीय. एकटीच. वडापच्या जीपमधून उतरून चालत आलीय, घामानं निथळतीय, हातात फडक्यात बांधलेलं भलंमोठं पातेलं. मला म्हणाली, "आत घेताय का भाईरच उभी करताय, पावणं?" आणि मी सरकायच्या आत उंबरा ओलांडून थेट आतल्या खोलीत. पातेल्याचं झाकण काढलं तसा मटणाच्या पांढऱ्या रश्श्याचा वास घरभर. शुक्रवारी. उपासकाळात. प्रार्थनेच्या घरात. तिला बिचारीला काय ठाऊक, त्यांच्यात शुक्रवार मटणाचाच. ती खाटेपाशी खाली बसून म्हणतीय, "व्याही, तुमच्या लेकीनं न्हाय, म्या रांधलाय. तिच्यावर राग हाय न्हवं तुमचा? माझ्यावर कशापाय? आपली तर अजून वळखबी न्हाय." मी दारात उभा राहून हे खरडतोय. पप्पा भिंतीकडून वळलेत. तिच्याकडं बघतायत. आत्ता म्हणाले, घोगऱ्या आवाजात, "बाई, जमिनीवर का बसलाय? खुर्ची आण रं त्यांस्नी."

जातो.