गाडीचा आवाज बदलला, आप्पा

प्रिय आप्पा,

मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलते, पण लिहायला आज बसले. तुमच्या लेकाशी, महेशशी भांडण झालंय. आमच्यातलं कोण बरोबर हे सांगायला तुम्हीच हवे होतात. भांडण तुमच्या गाडीवरून. दुसरं कशावरून होणार!

मी गाडीचे ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून टाकले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. कार्बोरेटरपण नवा टाकला. रागावलात ना?

तुम्ही असताना त्या बॉनेटखाली कुणाला हात घालू दिलात? रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुने पेपर अंथरायचात, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचात आणि ते चिमुकले पॉइंट पॉलिश पेपरने घासत बसायचात. "इथं ठिणगी नीट पडली ना सुजू, की गाडी कुठं अडत नाय." मी हसायचे. अडायचीच की हो ती! चोक ओढला की आधी खोकायची, मग गडगडायची, आणि उभी असली की अडखळत धडधडत राहायची. अख्ख्या नेरूळमध्ये तसा आवाज दुसऱ्या गाडीचा नव्हता.

आईला तो वर घरात ऐकू यायचा. "आले," म्हणायची आणि गॅलरीत जायची.

एक विचारू? आईचं विसरणं तुमच्यासमोरच सुरू झालं होतं. मग ते आमच्यापासून का झाकलंत? तिच्या वाक्यातला हरवलेला शब्द तुम्ही पटकन पुरवायचात आणि आम्हाला वाटायचं, किती छान जोडी आहे! तुम्ही गेलात तेव्हा कळलं, घरात काय चाललं होतं ते. सकाळी तिला सांगितलं की तुम्ही गेलात. ती रडली. संध्याकाळी मला विचारते, "तुजे आप्पा जेवाला नाय आले गो?"

मी तिच्याजवळ राहायला आले आणि ऑफिसला तुमचीच गाडी नेऊ लागले. पहिल्याच संध्याकाळी गाडी खाली लावली, वर बघितलं, तर आई गॅलरीत. चेहरा असा उजळलेला! मी एकटीच वर आले. "आप्पा कुटं ऱ्हायले?"

"गाडी लावतायत. येतील."

हात धुऊन येईपर्यंत ती विसरलेली असायची. रोज हेच. मला वाटायचं, एवढं सुख मिळतंय तिला, मिळू दे. पण आप्पा, तुम्हाला खाली पार्किंगमध्ये रोज नव्याने उभं करायचं आणि वर येऊन तुमच्याशिवायच जेवायला बसायचं, हे सोपं नव्हतं.

मग तो दिवस आला. आईला डॉक्टरकडे नेत होते. एपीएमसी मार्केटच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागे भाजीचे टेम्पो, ट्रक, हॉर्नचा नुसता कल्लोळ. कार्बोरेटर गळत होता, गाडीत पेट्रोलचा वास भरला. मी स्टार्टर मारतेय, मारतेय, आणि आई म्हणाली, "थांब, तुजे आप्पांना हाक मारते. ते चालू करतील." मी वळून बघेपर्यंत दार उघडून ती रस्त्यात उतरली होती. एका ट्रकने ब्रेक मारला तो तिच्या पदराशी थांबला. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि ती त्यालाच विचारत होती, "आमचे ह्यांना बगितलं काय?"



तुर्भ्याच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंकडे गाडी टाकली. ते म्हणाले, "मॅडम, पॉइंट निकाल देते हैं. कार्बोरेटर भी खतम है." मी हो म्हटलं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

गाडी झकास झाली. चावी फिरवली की लगेच सुरू, उभी असली तर चालू आहे की बंद तेही कळत नाही. मी खुशीत घरी आले, वर बघितलं. गॅलरी रिकामी.

आई आत पलंगावर बसली होती. "कोनाची गारी आली?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी तेही नाही. ती गॅलरीत जायचीच थांबली. जेवण कमी झालं. आणि काल, मी तिची वेणी घालत असताना, एकदम शांतपणे म्हणाली, "सुजू, तुजे आप्पा गेले ना गो?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते बोलवलं नाही. "हो आई," म्हटलं. ती रडली, आप्पा, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा अशी रडली नव्हती. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुला पन कोन नाय ऱ्हायला." तुम्ही गेल्यापासून माझा असा विचार कुणी केला नव्हता.

आज महेश ऐरोलीहून आला. सगळं ऐकून भडकलाच. "ताई, जुनं परत बसव. खुश होती ना ती? मग कशाला बदललंस?" मी ट्रकचं सांगितलं. म्हणाला, "मग तिला गाडीतून नेऊ नकोस. नुसती खाली आणून लाव." त्याचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. तिच्या दिवसातला एक आनंद मी काढून घेतला, हे खरंच आहे. उद्या ती कालचं सगळं विसरेल आणि पुन्हा विचारेल, हेही खरं आहे. पुन्हा तेच दुःख, नवं कोरं. मी हे बरं केलं की वाईट?

तुम्ही सांगणार नाही. मीच ठरवलंय.

जुनं परत बसवणार नाही. आईने विचारलं, तर खरं सांगेन, जितक्या वेळा विचारेल तितक्या वेळा. आणि सांगून झाल्यावर काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात पळणार नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत तिच्याजवळ बसेन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
सुजू